छातीतले दुखणे : हृदयाचे की पित्ताचे?

रात्रीचे जेवण जरा जड झाले आणि पहाटे छातीत दुखू लागले, की बहुतेक घरांत पहिले निदान ठरलेले असते : ‘गॅस झाला असेल.’ ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो आणि उजाडण्याची वाट पाहिली जाते. हे निदान पुष्कळदा बरोबरही निघते. मात्र ते चुकते तेव्हा वाया गेलेले तास भरून काढता येत नाहीत. रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यावर साधारण अर्ध्या तासात हृदयाचा स्नायू मरू लागतो आणि पुढच्या काही तासांत बहुतेक हानी होऊन जाते.

हा घोटाळा केवळ अज्ञानापोटी होत नाही. हृदय आणि अन्ननलिका शेजारी-शेजारी आहेत आणि दोन्हींच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागात पोहोचतात. त्यामुळे कळ नेमकी कोठून येते आहे, हे मेंदूलाही नीट उमगत नाही. डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणवते, तीही याच कारणाने.

हृदयाच्या वेदनेचे वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने १७६८ साली लंडनमध्ये केले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबताच ते थांबते, हे त्याचे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते. या अँजायनाच्या दुखण्यात करोनरी रक्तवाहिनी अरुंद झालेली असते, मात्र पूर्ण बंद झालेली नसते. रेल्वेच्या पुलाचा जिना चढताना छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते आणि वर जाऊन पाच मिनिटे उभे राहिले की बरे वाटते, असे रोज घडत असेल तर ते थकव्याचे लक्षण समजून सोडून देऊ नये. तेच दुखणे कमी श्रमात किंवा बसल्या जागी होऊ लागले, तर धोका जवळ आला आहे असे मानावे.

झटक्याचे दुखणे विश्रांतीने जात नाही. ते बहुधा वीस मिनिटांहून अधिक टिकते. त्यासोबत दरदरून घाम, मळमळ, धाप किंवा विलक्षण अस्वस्थता असते. रुग्ण बोटाने जागा दाखवू शकत नाही. मूठ किंवा पसरलेला तळवा छातीवर ठेवतो. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला तर वरच्या पोटात दुखणे, उलटी, ढेकरा अशीच लक्षणे दिसू शकतात आणि ‘गॅस’चे निदान तेथेच पक्के होऊन बसते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये तर छातीत न दुखताही नुसती धाप किंवा एकाएकी आलेला गळाठा हेच झटक्याचे रूप असू शकते. वय तरुण आहे, हाही भरवशाचा आधार नाही. ५२ देशांतील रुग्णांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, सरासरी ५३व्या वर्षी, येत असल्याचे आढळले होते.

आम्लपित्ताची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढते आणि घशाशी आंबट पाणी येते. पित्तशामक औषधाने तिला आराम पडतो. परंतु औषधाने बरे वाटले म्हणून दुखणे पित्ताचेच, हा निष्कर्ष चुकीचा आहे. हृदयाची कळही काही वेळ आपोआप ओसरते. उलट जिभेखालच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने बरे वाटले, म्हणून ते हृदयाचेच असेही नाही, कारण अन्ननलिकेचा पेटकाही त्या गोळीने सुटतो.

एका बोटाने दाखवता येणारे, दाबल्यावर किंवा कूस बदलताना वाढणारे दुखणे बहुधा बरगड्यांचे, कूर्चांचे वा स्नायूंचे असते. खोल श्वास घेताना वा खोकताना टोचत असेल तर रोख फुप्फुसाच्या आवरणाकडे, न्यूमोनिया किंवा क्षयाकडे जातो. उताणे झोपल्यावर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारी वेदना हृदयाच्या आवरणाच्या दाहाची असू शकते. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते आणि दोन-चार दिवसांनी तेथे पुरळ उठते, ती नागीण. भीतीच्या झटक्यातही छातीत दुखते, धडधडते, हातापायांना मुंग्या येतात; मात्र पहिल्याच वेळी ‘मनाचे आहे’ असे म्हणून वाटेला लावणे हा रुग्णावर अन्याय आहे.

हृदयविकाराच्या झटक्याइतकीच घातक अशी आणखी काही दुखणी आहेत. शस्त्रक्रिया, दीर्घ आजारपण किंवा लांबचा विमानप्रवास यानंतर एक पोटरी सुजली आणि अचानक धाप लागून छातीत दुखले, तर रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका घ्यावी. रक्तदाबाच्या रुग्णाला एकाएकी पाठीत काही फाटल्यासारखी वेदना झाली, तर महारोहिणीचा पदर चिरला असण्याची शक्यता असते. अशा वेळी अ‍ॅस्पिरिन अपायकारक ठरते. म्हणूनच झटक्याचा संशय असताना अ‍ॅस्पिरिन चावून घेणे जीवरक्षक असले, तरी ते फोनवर का होईना, डॉक्टरांना विचारून घ्यावे. रक्तदाब उतरला असेल तर सॉर्बिट्रेटनेही रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

घाम, धाप किंवा घेरी यांसह छातीत दुखत असेल, अथवा दुखणे दहा-पंधरा मिनिटांत थांबत नसेल, तर घरी तर्क करीत बसू नये. स्वतः गाडी चालवू नये, जिने उतरू नयेत. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रुग्णालयात पहिला ई.सी.जी. निर्दोष आला, तरी तेवढ्यावर घरी परतण्याचा आग्रह धरू नये. झटक्याच्या सुरुवातीला तो तसा येऊ शकतो आणि रक्तातील ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागतात. म्हणून दोन्ही तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. जुना ई.सी.जी. हाताशी असेल तर सोबत न्यावा. नव्या आलेखातील बदल आजचा की पूर्वीचा, हे डॉक्टरांना त्यावरून लगेच कळते. तो सापडत नसेल तर कपाटे उपसत न बसता निघावे.