सव्वानऊला चार्ट का अडकतो?

शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि घरोघरच्या ट्रेडिंगच्या कॉम्प्युटरची परीक्षाही त्याच मिनिटाला सुरू होते. नऊपासूनच्या प्री-ओपन सत्रात सगळं सुरळीत दिसत असतं. मग शेकडो भाव एकदम हलू लागतात आणि निफ्टीची पहिली कँडल अर्धवट रंगून तिथंच थिजते. माउस फिरतो, पण क्लिक लागत नाही. विंडोवर ‘नॉट रिस्पाँडिंग’ उमटतं. काही सेकंदांनी सगळं एकदम धावत येतं, तोवर भाव निघून गेलेला असतो.

यावरचा लोकप्रिय उपाय म्हणजे नवा कॉम्प्युटर. दुकानदाराची ना नसतेच: ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, तीन मॉनिटर. मग नव्या मशीनवर जुनाच डेटाबेस आणि जुनेच इंडिकेटर चढवले जातात आणि पहिल्याच एक्स्पायरीला तीच रड पुन्हा ऐकू येते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्या तोट्यात विनाकारण घेतलेल्या मशीनचा खर्च धरलेला नाही.

भाव एक्स्चेंजच्या सर्व्हरमधून निघतो, ब्रोकरकडे किंवा अधिकृत डेटा विक्रेत्याकडे येतो, इंटरनेटवरून आपल्या राउटरपर्यंत पोचतो, तिथून कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि शेवटी चार्टवर काढला जातो. यात कुठंही खोळंबा झाला तरी आपल्याला दिसतं एकच: अडकलेली कँडल. म्हणून पहिलं काम खोळंब्याची जागा शोधणं. ती कधी कधी आपल्या हाताबाहेरही असते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी टेलिकॉम लिंकच्या बिघाडानंतर राष्ट्रीय शेअर बाजाराने ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालला. अशा दिवशी घरचा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो.

जागा शोधायची साधी रीत अशी. चार्ट अडकला की त्याच प्रोग्रॅमचा एखादा मेनू उघडून बघा. मेनू पटकन उघडला, पण भाव हलत नसेल, तर प्रोग्रॅम शाबूत आहे, फीड थांबलंय. मेनूच उघडत नसेल, तर प्रोग्रॅम कसल्या तरी हिशेबात गळ्यापर्यंत बुडालाय आणि इंटरनेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही. शेजारी मोबाइलवर, वायफाय बंद करून, ब्रोकरचं ॲप उघडं ठेवा. तिथंही भाव थांबला असेल तर दोष पलीकडे आहे. मात्र मोबाइलवरचा आणि चार्टवरचा भाव क्षणभर वेगळा दिसला म्हणून घाबरू नये. किरकोळ ग्राहकाला मिळणारं फीड म्हणजे प्रत्येक सौद्याची नोंद नसते. ठरावीक अंतराने घेतलेली भावाची झलक तेवढी येते, त्यामुळं दोन ॲपच्या झलका पुढंमागं असतात.

फीड थांबत असेल तर आधी घरात बघावं. कमांड प्रॉम्प्ट उघडून राउटरच्या पत्त्यावर पिंग चालू ठेवा. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. राउटर त्याच खोलीत असेल तर उत्तर काही मिलिसेकंदांत यायला हवं. ते मध्येच दोनशे-तीनशेवर उडत असेल किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर गडबड वायफायमध्ये आहे. इमारतीतल्या सगळ्यांचे राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच गर्दीत बोलत असतात. त्यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे लॅनची केबल. राउटरचं उत्तर ठीक, पण बाहेरचं लडखडतंय असं दिसलं तर घरात कोण काय अपलोड करतंय ते बघा. फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले की भावाची इवलीशी पाकिटं टोलनाक्यावरच्या कंटेनरांमागे दुचाकी अडकावी तशी राउटरच्या रांगेत अडकतात. कनेक्शन किती एमबीपीएसचं आहे, याचा इथं फारसा संबंध नाही. भावांच्या फीडला बँडविड्थ थोडीच लागते, पण ती अखंड लागते.

आता मुख्य आरोपीकडे येऊ. बाजार सव्वानऊ ते साडेतीन चालतो, म्हणजे ३७५ मिनिटं. एका मिनिटाच्या चार्टवर दिवसाला ३७५ कँडल. वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर ९३,७५०. हौसेने पाच वर्षांचा डेटा भरला की एका शेअरच्या पावणेपाच लाखांच्या आसपास कँडल झाल्या. फ्युचर्समधले दोनशे शेअर घेतले तर हा आकडा नऊ कोटींच्या पुढं जातो. आणि ज्या पडद्यावर हे बघायचं, त्या फुल एचडी मॉनिटरची रुंदी असते १९२० ठिपके! इंट्राडे करणाऱ्याला पाच वर्षांपूर्वीचं अकरा वाजून सात मिनिटांचं उच्च-नीच कशाला लागतं, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. बॅकटेस्ट करायची असेल तर तिचा डेटाबेस वेगळा ठेवावा, रोजच्या कामाचा वेगळा. ॲमीब्रोकरमध्ये डेटाबेसच्या सेटिंगमध्ये कँडलची संख्या ठरवता येते. मेटाट्रेडरमध्ये चार्टवर जास्तीत जास्त किती बार दाखवायचे, याचा रकाना असतो. तो आकडा कमी केला की पुष्कळांचा आजार तिथंच बरा होतो.

उरलेल्यांचा आजार सूत्रात असतो. टोमाश यानेचको या पोलिश प्रोग्रॅमरने ॲमीब्रोकर लिहिलं. त्याची स्वतःची सूत्रभाषा आहे, एएफएल. तिची ताकद अशी की संपूर्ण भावमालिकेवर एका फटक्यात गणित करता येतं. शिवाय शक्य असेल तिथं हा प्रोग्रॅम पडद्यावर दिसणाऱ्या आणि हिशेबाला लागणाऱ्या कँडलपुरतंच सूत्र चालवतो. पण टेलिग्रामवर फिरणारी ‘शुअर शॉट बाय-सेल’ सूत्रं उघडून बघितली तर या दोन्ही सोयींवर पाणी सोडलेलं दिसतं. पहिल्या कँडलपासून शेवटच्यापर्यंत एकेक करत जाणारं लूप, लूपच्या आत दुसरं लूप, चारजणांच्या सूत्रांतून कापून चिकटवलेले तुकडे, चौदा रंग, आणि खाली तेजी-मंदीचा डॅशबोर्ड. प्रत्येक नव्या भावाला हे सगळं पहिल्यापासून. वर, त्यात झिगझॅग इंडिकेटर असेल तर खरेदी-विक्रीचे मागचे बाण नंतर सोयीनं जागा बदलतात. जुन्या चार्टवर हे सूत्र अचूक भासण्याचं गुपित तेच आहे.

कोणतं सूत्र किती वेळ खातं, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. ॲमीब्रोकरच्या प्रेफरन्सेसमध्ये चार्टला लागणारा वेळ दाखवायची सोय आहे, आणि सूत्राच्या एडिटरमध्ये कुठलं फंक्शन किती वेळ घेतं, हे सांगणारा प्रोफाइलरही आहे. चार्ट दर सेकंदाला ताजा होत असेल आणि सूत्राला ४०० मिलिसेकंद लागत असतील, तर त्या एका चार्टनेच एका कोअरचा ४० टक्के वेळ खाल्ला. ही सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये एकेक इंडिकेटर काढून बघावा. तीन मूव्हिंग ॲव्हरेज काढून काही फरक पडणार नाही. पडेल तो त्या एका रंगीबेरंगी पाहुण्याला बाहेर काढल्यावर.

इथं बहुतेकांची फसगत एका आकड्यानं होते. टास्क मॅनेजर उघडला तर सीपीयूचा वापर १२-१३ टक्के दिसतो. मग लोक म्हणतात, प्रोसेसर तर मोकळाच आहे! पण तो आकडा एकूण आहे. प्रोसेसरमध्ये आठ धागे असतील आणि प्रोग्रॅमचं सगळं काम एकाच धाग्यावर चालत असेल, तर तो धागा पूर्ण पिळून निघाला तरी एकूण दिसणार साडेबारा टक्केच. परफॉर्मन्सच्या आलेखावर उजवी टिचकी मारून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडलं की आठ वेगळे चौकोन दिसतात. त्यातला एखादा छताला टेकलेला असला की चोर सापडला. अर्थात विंडोज एकच काम वेगवेगळ्या कोअरवर फिरवत असतं, तेव्हा चित्र दर वेळी इतकं स्वच्छ असेलच असं नाही. अशा वेळी जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन काही साधत नाही. एकेक कोअर वेगवान असलेला लागतो, किंवा फुकटात, सूत्र हलकं करावं लागतं.

एक्सेलचंही तसंच. ऑप्शन चेनची शीट जोडून बसणारे पुष्कळ आहेत. मधल्या स्ट्राइकच्या वर वीस आणि खाली वीस घेतल्या तर ४१ स्ट्राइक, कॉल-पुट मिळून ८२ करार, आणि प्रत्येकाचे भाव, ओपन इंटरेस्ट, ग्रीक्स. थेट भाव आणणाऱ्या आरटीडी जोडणीचं मूळ सेटिंग दोन सेकंदांचं असतं. कुणाचा तरी व्हिडिओ बघून लोक ते शून्यावर आणतात आणि मग एक्सेल हँग होतं म्हणून एक्सेललाच शिव्या घालतात.

ब्राउझरमध्ये ट्रेडिंगव्ह्यू वापरणाऱ्यांची कथा थोडी वेगळी. तिथं पाइन स्क्रिप्टचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर होतो, रेखाटन आपल्या ब्राउझरमध्ये. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते कळतं. मेमरी सेव्हर चालू असेल तर वापरात नसलेला टॅब क्रोम झोपवतं, त्यामुळं चार्टची साइट अपवादांच्या यादीत घालावी. सिस्टीमच्या सेटिंगमधलं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद पडलं असेल तर रेखाटनाचा सगळा भार प्रोसेसरवर येतो. उलट ग्राफिक्स ड्रायव्हर बिघडला असेल तर तेच बंद केल्यावर चार्ट सुधारतो. दोन्ही करून बघायचं.

काही दोष ठरलेल्या वेळी उगवतात. दुपारनंतरच मशीन मंदावत असेल आणि सकाळपासून प्रोग्रॅमची मेमरी चढतच गेली असेल, तर ती गळती आहे. दुपारी शांत वेळ बघून प्रोग्रॅम बंद करून उघडावा. उन्हाळ्यातच रडणाऱ्या लॅपटॉपचा पंखा साफ करावा, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर चार्टचा डेटाबेस वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये नाही ना, आणि अँटिव्हायरस त्यातली प्रत्येक फाइल दर वेळी तपासत नाही ना, हे बघावं. तो फोल्डर तपासणीतून वगळता येतो. विंडोज अपडेटला ‘ॲक्टिव्ह अवर्स’ सांगून ठेवले की भर बाजारात रीस्टार्ट होत नाही.

प्रोग्रॅम नुसता अडकत नाही, धाडकन बंदच होतो, अशी तक्रार असेल तर विंडोजमधली रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. दिवसवार लाल फुल्या दिसतात, आणि फुलीच्या तपशिलात बहुधा कोणत्या फाइलमुळं प्रोग्रॅम कोसळला, तेही असतं. डेटा प्लगइनचं नाव आलं तर विक्रेत्याला विचारा, ग्राफिक्स ड्रायव्हरचं आलं तर ड्रायव्हर बदला. एखाद्या ‘जादुई’ इंडिकेटरची डीएलएल निघाली तर ती काढून टाका. सूत्र लपवण्यासाठी काही विक्रेते ते डीएलएलमध्ये बांधून देतात. ती मूळ प्रोग्रॅमच्या पोटात चालते, त्यामुळं तिच्यासोबत सगळंच आडवं होतं. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल तर काय बोलावं! ते बसवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि मग त्याच मशीनवर डीमॅटचा पासवर्ड टाकला जातो.

दोघांच्या तासाच्या चार्टवर वेगळा आरएसआय दिसतो, ही तक्रार मात्र बिघाडाची नाही. बाजार सव्वानऊला उघडतो. एक प्रोग्रॅम तास सव्वानऊपासून मोजतो, तेव्हा सहा पूर्ण तास होतात आणि शेवटची कँडल पंधरा मिनिटांची उरते. दुसरा घड्याळाचे तास धरतो, तेव्हा पहिलीच कँडल पाऊण तासाची होते. सेटिंग जुळवलं की वाद मिटतो. खरा बिघाड असतो तो कॉम्प्युटरचं घड्याळच चुकल्यावर. जुन्या मशीनमध्ये मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की चालू केल्यावर वेळ भलतीच दिसते. मग मशीनच्या वेळेवर कँडल पाडणारा प्रोग्रॅम चुकीच्या मिनिटाला कँडल मिटवतो.

हे सगळं शनिवारी करायचं काम आहे, आणि एका वेळी एकच बदल करून. बदलांआधी चार्टचे लेआउट आणि सूत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. वीज गेल्यावर कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण फायबरचा डबा आणि राउटर मेनवरच असतात, हे पावसाळ्यापूर्वी तपासावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपला स्टॉपलॉस नेमका कुठं राहतो, ते माहीत हवं. ब्रोकरमार्फत एक्स्चेंजला गेलेली स्टॉपलॉस ऑर्डर आपला कॉम्प्युटर जळाला तरी त्या दिवसापुरती तिथं उभी असते. आपल्या मशीनवरच्या प्रोग्रॅममध्ये लावलेला अलर्ट किंवा तिथूनच ऑर्डर सोडणारं सूत्र मशीनबरोबर थांबतं. त्यांवर विसंबणाऱ्यांनी ब्रोकरच्या कॉल अँड ट्रेडचा नंबर आणि आपला क्लायंट कोड मॉनिटरच्या कडेला कागदावर चिकटवून ठेवावा. पासवर्ड तेवढा त्या कागदावर नको.