जाहिरातीकडून पाठाकडे

“चित्रे काढून का कोठे पोट भरते?” हा प्रश्न आमच्या जालना जिल्ह्यातील घरोघरी आजही ऐकू येतो. मुलाचा हात चित्रकलेत चांगला वळतो, आपले म्हणणे चार माणसांस पटवून देण्याची हातोटीही त्याच्या अंगी असते. तथापि पुढे काय, याचा उलगडा ना मुलास होतो, ना पालकांस. अशांस उपयोगी पडेल अशा एका व्यवसायाची ओळख करून देण्याचे आम्ही येथे योजिले आहे. त्यास ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ असे नाव आहे. आम्ही त्यास शिक्षणरचना म्हणू.

एखादे कौशल्य शिकणाऱ्याच्या खरोखर अंगवळणी पडावे, म्हणून पाठ, चित्रे, सराव व परीक्षा यांची विचारपूर्वक मांडणी करणे, हे शिक्षणरचनाकाराचे काम होय. दुसऱ्या महायुद्धात थोड्या अवधीत असंख्य सैनिकांस शिकविण्याची निकड अमेरिकेस भासली, तेव्हा या शास्त्रास मोठी चालना मिळाली. आज कारखाने, बँका, रुग्णालये व संगणकावरील अभ्यासक्रम या सर्वांस अशा माणसांची गरज लागते.

या व्यवसायात जाहिरात व सजावट यांच्या वाटेने येणारे पुष्कळ असतात. याचे कारण आमच्याच गावाच्या धंद्यात सापडेल. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली. पुढे 1998 साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आता बियाण्यांची जाहिरात करणारा हिरव्यागार शेताचे चित्र काढतो, थोडक्या शब्दांत मन वेधतो, आणि पिशवी विकली गेली की त्याचे काम संपते. परंतु सोयाबीनची उगवणक्षमता घरी कशी तपासावी, हे शिकवावयाचे झाल्यास काय करावे? 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे, गोणपाट ओलसर राखावे आणि काही दिवसांनी उगवलेले दाणे मोजावे. 70 वा अधिक उगवले तर बियाणे पेरणीस योग्य समजावे. ही कृती शेतकऱ्याने नुसती वाचून भागत नाही. ती त्याने आपल्या हातांनी बिनचूक केली पाहिजे. जाहिरात फसली तर व्यापाऱ्याचे नुकसान होते; पाठ फसला तर शेतकऱ्याचा हंगाम बुडतो.

म्हणून जाहिरातीतून येणाऱ्याजवळ समोरचा माणूस ओळखण्याची व मोजके बोलण्याची शिदोरी असली, तरी काही गोष्टी त्यास नव्याने शिकाव्या लागतात. पाठ संपल्यावर शिकणाऱ्यास काय करता आले पाहिजे, हे आधी ठरविणे. तो कोठे अडखळतो, हे पाहणे. आणि त्याप्रमाणे आपलीच आवडती रचना निर्दयपणे बदलणे.

जाहिरातीतून शिक्षणाकडे वळलेल्या एका मराठी कलावंताचे उदाहरण येथे देण्याजोगे आहे. अक्षरकार र. कृ. जोशी हे उल्का या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ कलादिग्दर्शक होते. 1983 साली ते पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले. संगणकावर देवनागरी वाचताना जो ‘मंगल’ टंक आपण पाहतो, तो त्यांच्याच हातचा. जाहिरातीत कमावलेली नजर त्यांनी विद्यार्थ्यांच्या व लिपीच्या कामी लावली.

विद्यार्थ्यांनी आजपासून काय करावे? शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसावे, मराठी व इंग्रजी लेखन सुधारावे, आणि एक प्रयोग अवश्य करावा. सायकलच्या चाकाचे पंक्चर काढण्याची कृती कागदावर चित्रांसह मांडावी, ती धाकट्या भावंडाच्या हाती द्यावी व आपण मौन धरून पाहावे. ते जेथे थबकेल तेथे दोष आपल्या पाठाचा समजून कागद पुन्हा लिहावा.

पालकांस आमची विनंती इतकीच की, ही वाट एका दिवसात कमाई देणारी नाही; परंतु मुलाच्या वहीच्या कडेला चित्रे दिसली म्हणून ती वही हिसकावून घेऊ नये. त्या चित्राने कोणास काही समजले काय, एवढे त्यास विचारावे.