सीट बदलायचीय? आधी गाडीचा पत्रा बघा!

जुन्या गाडीत पहिली तक्रार कोण करतं? इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, तर आपली कंबर! पंधरा-वीस वर्षांत सीटमधल्या फोमची चपाती होते, आतल्या स्प्रिंगा टोचायला लागतात आणि मग घरात कोणीतरी म्हणतंच, "गाडी मस्त चालतेय, फक्त सीट तेवढ्या बदलून टाकू. भंगारवाल्याकडे नव्या गाडीच्या मिळतात." या 'फक्त' आणि 'तेवढ्या' या दोन शब्दांवरच आजचा हा लेख आहे.

मी या भानगडीत पडलो तो माझ्या रूम पार्टनरमुळे. त्याच्या वडिलांकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. काका वैजापूरहून आठवड्यातून दोनदा संभाजीनगरला येतात, हल्ली बहुतेक वेळा समृद्धीवरून. कंबरेने दगा दिला म्हणून सीट बदलायचं ठरलं. आम्ही दोघं मेकॅनिकलचे, त्यामुळे मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं आम्हाला येतं असा घरच्यांचा समज! मग महिनाभर यात डोकं घातलं, वर्कशॉपच्या सरांना पिडलं, एसओएमची वही परत उघडली (परीक्षा नसताना!). त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

हौस जुनीच आहे

दुसऱ्या गाडीची सीट बसवणं काही आजचं नाही. प्रीमियर पद्मिनी आठवते का? फियाट ११०० वर बेतलेली ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. तिला पुढे सलग बाकासारखी सीट असायची, कारण गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. त्या बाकाला डोक्यामागे टेकू नव्हता. मागून कोणी धडकलं तर मान मागे झटकणारच. त्यामुळे बऱ्याच हौशी मालकांनी बाक काढून दोन सुट्या बकेट सीट टाकल्या. मारुती ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि २०१४ च्या सुरुवातीला बनायची थांबली. तिच्यातही मोठ्या गाड्यांच्या सीट बसवायची फॅशन होती. म्हणजे सीट बदलणं म्हणजे निव्वळ चैन नव्हे. चांगला हेडरेस्ट असलेली, मजबूत सांगाड्याची सीट आली तर गाडी जास्त सुरक्षित होऊ शकते. पण 'होऊ शकते' आणि 'होते' यात चार बोल्टचं अंतर आहे.

सीट म्हणजे खुर्ची नव्हे

घरातली खुर्ची फक्त आपलं वजन पेलते. गाडीतल्या सीटचं खरं काम धडक बसल्यावर सुरू होतं. छोटा हिशोब करू. गाडी ताशी ५० किमीने, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटरने चालली आहे. धडकेत पुढचा भाग चेपत जाऊन ती ६० सेंटिमीटरमध्ये थांबली असं धरा. अकरावीचं सूत्र लावलं, वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, की उत्तर येतं सुमारे १६० मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट! ७० किलोचा माणूस त्या क्षणी साधारण ११,२५० न्यूटनने पुढे झेपावतो, म्हणजे साडेअकराशे किलो लटकवल्यासारखं. नुसती १५ किलोची रिकामी सीटसुद्धा अडीचशे किलोच्या जोराने पुढे ओढली जाते. आणि हे ५० च्या वेगाला. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते हे तुम्हाला सांगायला नको.

कंपन्या म्हणूनच सीटची चाचणी घेतात. आपल्याकडे मोटारीच्या सीटसाठी एआयएस-०१६ हे मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत अशा चाचण्या होतात. युरोपात चालणाऱ्या नियमात सीट आणि तिच्या आधारांना किमान २० जी इतका झटका ३० मिलिसेकंद देतात. आता लक्षात घ्या, ही चाचणी त्या सीटची असते, पण त्याच गाडीच्या फ्लोअरवर! सीट दुसऱ्या गाडीत नेली की ते प्रमाणपत्र तिच्याबरोबर येत नाही.

साखळीचा सगळ्यात कच्चा दुवा

सीट, रेल, बोल्ट, पत्रा आणि पट्टा अशी ही साखळी आहे. आपण सीट निवडतो कापड बघून, म्हणजे वरून खाली. निवडायला पाहिजे खालून वर.

आधी बोल्ट. एम-८ चा ८.८ ग्रेडचा बोल्ट कायमचा न ताणता सुमारे २१ हजार न्यूटन सहन करतो. दिसायला तसाच असलेला ४.६ ग्रेडचा बोल्ट फक्त ८ हजारांच्या आसपास. फरक डोक्यावरच्या आकड्यात! डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट टेबलाला लावा, सीटला नको. आपल्या बाहा टीमच्या पोरांना विचारा. त्यांच्या नियमपुस्तकात महत्त्वाच्या जागी ८.८ पेक्षा कमी चालत नाही आणि नटाबाहेर निदान दोन आटे दिसावे लागतात. तोच नियम इथेही पाळा.

पण खरी गंमत अशी, की बोल्ट सहसा तुटतच नाही. तुटतो तो पत्रा. फ्लोअरचा पत्रा ०.८ मिमीच्या आसपास असतो. त्याला भोक पाडून, खाली साधं १६ मिमीचं वायसर टाकून नट आवळला, तर धडकेत बोल्ट वायसरसकट पत्रा फाडून वर येतो. फाटायला लागणाऱ्या कडेची लांबी फक्त ५० मिमी. त्याऐवजी खालून ८ बाय ५ सेंटिमीटरची, ३ मिमी जाड लोखंडी प्लेट लावली तर कडेची लांबी होते २६० मिमी. पाचपट! रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएचा नियम हेच सांगतो: प्रत्येक बोल्टमागे किमान ४० चौरस सेंटिमीटर प्लेट, लोखंडाची जाडी किमान ३ मिमी, बोल्ट किमान ८ मिमीचा.

आणि पत्रा गंजलेला असेल तर? ०.८ चा ०.४ झाला की ताकद निम्मी झाली. काकांच्या गाडीचं मॅटिंग उचललं तेव्हा ड्रायव्हर सीटच्या मागच्या आधारापाशी पत्र्याचा पापड झाला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला, खालची फरशी दिसली. काका तोपर्यंत "एवढ्याशा सीटसाठी केवढा तमाशा रे पोरांनो" म्हणत होते. मग चहा येईपर्यंत काही बोलले नाहीत. विचार करा, जुनी सीट तशीच ठेवली असती तरी ती पापडावरच उभी होती! म्हणून सीटचा भाव विचारायच्या आधी मॅटिंग उचला. सीट बदलायची नसली तरी उचला.

बकल कुठे आहे ते बघा

ही गोष्ट बऱ्याच गॅरेजमध्येही कोणी सांगत नाही. जुन्या गाड्यांत पट्ट्याचं बकल बहुधा फ्लोअरला किंवा मधल्या बोगद्याला बोल्टने जोडलेलं असतं. बऱ्याच नव्या गाड्यांत ते सीटच्या सांगाड्यालाच असतं. कमरेचा आणि छातीचा पट्टा बकलपाशी एकत्र येतात, त्यामुळे मोठी ओढ तिथेच. पट्ट्याच्या आधारांच्या चाचणीत दोन्ही भागांना प्रत्येकी १३,५०० न्यूटन जोर एकाच वेळी लावतात. त्यातला एकेक जोर म्हणजे दोन मारुती ८०० लटकवल्यासारखा!

आता नवी सीट बकलसकट जुन्या गाडीत बसवली तर? जुन्या गाडीचे सीटचे आधार फक्त सीट धरण्यासाठी बनवलेले. त्यांच्यावर आता माणसाचाही भार आला. म्हणून नियम सोपा: पट्टा आणि बकल गाडीच्या मूळ जागी, मूळ बोल्टनेच राहू द्या. हा बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो. हरवला तर साधा मेट्रिक बोल्ट ठोकून बसवू नका.

पट्ट्याचा कोनही तपासा. सीट उंच झाली किंवा मागे सरकली की कमरेच्या पट्ट्याचा कोन बदलतो. युरोपच्या नियमात पुढच्या सीटला बकलच्या बाजूला हा कोन जमिनीशी ४५ ते ८० अंशांत हवा. पट्टा फार आडवा झाला तर धडकेत माणूस खालून सटकतो आणि पट्टा हाडाऐवजी पोटावर चढतो. पोटात हाड नाही, आतडी आहेत!

बाजारात निवडताना

सीट पाण्यात बुडालेल्या गाडीची नको आणि जोरात धडकलेल्या गाडीचीही नको. रेल उलटी करून सरळ आहे का बघा, पाठीची खिट्टी दोन्ही बाजूंनी पकडते का बघा. पाठीच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर ती सीट सरळ परत ठेवा. जुन्या गाडीत ती एअरबॅग उघडणार नाही, पण तिच्यात स्फोटक भरलेलं असतं. मल्टिमीटरची तार तर तिला चुकूनही लावायची नाही.

मग टेप काढा. दोन रेलमधलं अंतर, पुढच्या-मागच्या भोकांतलं अंतर आणि सीटची उंची लिहून घ्या. बसल्यावर डोकं आणि छत यात निदान एक मूठ जायला हवी. हेडरेस्टची वरची कड कानाच्या वरच्या टोकाइतकी तरी हवी. स्टिअरिंग छातीसमोर सरळ यावं, हँडब्रेक अडकू नये. आम्ही दोन सीट नाकारल्या. पहिलीला एअरबॅग होती, दुसरी इतकी उंच की काकांची टोपी छताला लागली. तिसरी जमली. त्याच कंपनीच्या एका जुन्या हॅचबॅकची, बकल नसलेली.

बसवताना

गाडीची मूळ चार जागा वापरा. मापं जुळत नसतील तर मध्ये बोल्टने जोडायची जाड प्लेटची चौकट करून घ्या. सीटच्या रेलला वेल्डिंग नको, ती उच्च ताकदीच्या पोलादाची असते आणि उष्णतेने मऊ पडते. एका गॅरेजमध्ये मी खिडकीच्या ग्रिलसाठी वापरतात तसल्या पट्टीवर उभी केलेली सीट पाहिली. ब्रेक मारला की ती ड्रायव्हरसकट नमस्कार करायची!

चौकट जितकी बुटकी तितकी चांगली. सीटचं वजन रेलपासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही ५ सेंटिमीटरचे ठोकळे घातले, तर मागच्या बोल्टवरची उपटण्याची ओढ सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. भोक पाडावंच लागलं तर आधी गाडीखाली वाकून बघा. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी तिथूनच जाते. पोकळ भागातून बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पत्रा चेपतो. भोकाच्या कडांना प्रायमर लावा. बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क रेंचने आवळा. सीट मागे-पुढे करून बघा, दोन्ही रेल एकदम 'टक्' वाजून अडकल्या पाहिजेत. चौकट तिरकी असेल तर एकच रेल पकडते आणि चढावर सीट मागे जाऊन पाय ब्रेकवरून सुटतो. ५०० किमी नंतर सगळे बोल्ट परत तपासा.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. हाताने हलवून 'घट्ट आहे' म्हणणं ही चाचणी नव्हे. दीड टनाची ओढ हाताने कळत नाही.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी आणि कंपनीचे मूळ तपशील यात तफावत येईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावायला सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आरसीवर बसायच्या जागांची संख्या असते, ती बदलता कामा नये. बाक काढून दोन सीट टाकणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्यावं. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा गाडी तपासतात. म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, शक्यतो लेखी. अपघातानंतर विचारण्यापेक्षा ते बरं.

आणि कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कोण करणार? त्यांच्यासाठी सगळ्यात सोपा उपाय: जुन्याच सीटमध्ये नवा फोम भरून घ्या, स्प्रिंगा बदला. सांगाडा, रेल, बोल्ट, बकल सगळं मूळ राहतं आणि कंबरही खूश. काकांनी दुसरा मार्ग निवडला, पण आधी पत्रा कापून नवा बसवला, मगच सीटला हात लावला.

वाळूज आणि शेंद्रा हाकेच्या अंतरावर असलेल्या आपल्या शहरात गाड्यांचे भाग बनवणारे हात कमी नाहीत. आपल्यातले बरेच जण उद्या तिथेच लागतील. तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की एक करा: गाडीचं मॅटिंग उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सीटच्या चारही आधारांपाशी ठोकून बघा. 'ठण्' वाजलं तर आनंद. 'फस्स' झालं, तर कंबरेचं नंतर बघू, आधी वेल्डरला बोलवा!