अक्षरांना ऐसपैस जागा

“सर, आमच्या अज्जीला वाचायलाच येईना झालंय की!” एका विद्यार्थिनीनं स्टाफरूमच्या दारातून सांगितलं आणि माझा चेहरा उतरला. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिनं अज्जींकडून ऐकलेली कन्नड गोष्ट लिहून घेतली होती, शेजारी तिचं मराठी रूप दिलं होतं. पुण्या-बेंगळुरूला गेलेल्या मुलांनाही वाचता यावा म्हणून तो अंक आम्ही वेबसाइटवर घातला. अज्जींनी मोबाइल हातात घेऊन अक्षर मोठं केलं मात्र, ओळी एकमेकींवर चढल्या! कन्नडची खाली येणारी ओत्तक्षरं पुढच्या ओळीत घुसली, मराठीच्या वेलांट्या वरून कापल्या गेल्या.

कारण साधंच होतं. वेबसाइट सजवणाऱ्या हौशी मुलानं ओळीची उंची एका ठरावीक मापात बांधून टाकली होती. अक्षर वाढलं तरी ओळ वाढायची नाही. इंग्रजी अक्षरांचं त्यात कसंबसं भागतं. आपल्या दोन्ही लिप्यांना मात्र वर-खाली जागा लागते. तो मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, आणि त्यानं लिहिलेल्या सजावटीच्या शेकडो ओळींत हात घालायची कुणाची छाती होईना.

मी मराठीचा मास्तर. तरी सुटीत घरच्या कॉम्प्युटरवर नवी थीम करून पाहायचं ठरवलं. थीम म्हणजे वेबसाइटचा पोशाख. आमची साइट वर्डप्रेस या २००३ साली सुरू झालेल्या मोफत प्रणालीवर चालते. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यात ‘ब्लॉक’ची पद्धत आली. परिच्छेद हा एक ठोकळा, चित्र हा दुसरा. मुलं ठोकळे मांडतात तसा लेख मांडायचा. छपाईच्या गुटेनबर्गचंच नाव त्या संपादकाला दिलंय. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून वरची पाटी, खालची पट्टी, सगळं पानच असं ठोकळ्यांनी मांडता येऊ लागलं.

अशा थीमला किती सामान लागतं? थीमचं नाव सांगणारी एक फाइल आणि पानाचा एक साचा, एवढ्यावरही ती उभी राहते. मी त्यात ‘थीम डॉट जेसन’ ही तिसरी फाइल घातली. रंग, अक्षरं, ओळीची उंची, मजकुराची रुंदी, सगळं तिथं एकाच जागी लिहायचं. ओळीची उंची मी अक्षराच्या १.८ पट ठेवली. ‘पट’ हा शब्द महत्त्वाचा. अक्षर वाढेल तशी ओळही वाढणार.

अक्षरांसाठी ‘नोटो’ हे मोफत कुटुंब घेतलं. यादीत आधी देवनागरी, मागोमाग कन्नड. पहिल्याकडे एखादं अक्षर नसलं की ब्राउझर दुसऱ्याकडून आणतो. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसं! आमच्या सौ.चं माहेर धारवाडचं. तिनं चष्मा लावून एकेक ओत्तक्षर तपासलं.

फजितीही झाली. एका संध्याकाळी सगळं पान उघडंबोडकं दिसू लागलं. रंग गेले, अक्षरं बदलली. दोन तास शोधल्यावर सापडलं काय, तर यादीच्या शेवटी एक जादा स्वल्पविराम! त्या एका चुकीनं आख्खी फाइल बाद झाली होती. मुलांच्या निबंधातले स्वल्पविराम तपासण्यात माझा जन्म गेला, आणि माझाच चुकला.

लेकीनं पाहून नाक मुरडलं. “बाबा, फारच साधं दिसतंय हो.” मोह मलाही झाला होता. वर हलतं तोरण असावं, कडेला वेलबुट्टी असावी. पण आधीच्या सजावटीनंच अज्जींची ओळ कापली होती, हे आठवलं आणि हात आवरला. वेगळ्या सजावटीच्या जेमतेम सात ओळी लिहिल्या, बाकी सगळं ब्लॉकवर सोपवलं. घरातल्या जेवणाच्या पानासारखं आहे हे. रांगोळी थोडी कमी असली तरी चालेल, पण भाताला जागा हवी.

दोष अजून आहेत. जुन्या मोबाइलवर वरची पाटी दोन ओळींत मोडते. पण यंदाचा अंक ऑफिसातल्या बाईंनी माझ्या मदतीशिवाय चढवला. त्यांनी रंग बदलला तरी तो बदल वेगळा साठवला जातो, थीमच्या मूळ फाइली तशाच राहतात. मी उद्या निवृत्त झालो तरी काम अडणार नाही, याचं समाधान मोठं.

गेल्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा आली. अज्जींनी अक्षर भलं मोठं करून गोष्ट शेवटपर्यंत वाचली म्हणे. वर निरोप काय दिला? “ईग सरि आय्तु. पण दुसऱ्या ओळीत सुनेचं नाव चुकलंय, तेवढं सरांना नीट करायला सांग.”

अक्षरं दिसू लागली, म्हणूनच चूकही दिसली. ती मी त्याच दिवशी दुरुस्त केली.