सततचे खाकरणे : घशात अडकते तरी काय?

दुर्ग–राजनांदगाव लोहमार्गावरील रसमड़ासारख्या, स्पंज आयर्नच्या कारखान्यांनी वेढलेल्या परिसरात धूळ व धूर हे खाकरण्याचे उघड कारण असले, तरी ते एकमेव मानणे घाईचे ठरते. नाकामागून घशात उतरणारा शेंबूड, आणि छातीत जळजळ न होताही जठरातील आम्ल स्वरयंत्रापर्यंत चढणे, म्हणजे ‘मूक आम्लप्रवाह’, ही कारणे वारंवार आढळतात. रक्तदाबावरील रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांमुळेही खाकरणे सुरू होऊ शकते, याकडे मात्र सहसा कोणाचे लक्षच जात नाही.

खाकरताना स्वरतंतू, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या स्वरयंत्रातील दोन नाजूक घड्या, एकमेकींवर आपटून सुजतात, सुजेमुळे घशात काही अडकल्याचा भास होतो आणि माणूस पुन्हा खाकरतो. म्हणून उबळ येताच पाण्याचा घोट घेणे किंवा जोर लावून आवंढा गिळणे हा उपचाराचाच भाग असतो. त्यासोबत मिठाच्या कोमट, उकळून घेतलेल्या पाण्याने नाक धुणे, निजण्यापूर्वी तीन तास जेवण उरकणे, भट्टीजवळ मास्क वापरणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गोळी बदलणे उपयोगी पडते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असल्यास, गिळताना त्रास होत असल्यास किंवा थुंकीतून रक्त पडत असल्यास, विशेषतः गुडाखू (तंबाखूची पेस्ट) वा तंबाखूची सवय असणाऱ्यांनी, दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावे.