कावेरीकाठचे दप्तर

म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत १९४६ साली व्हॅन इंगेन या गृहस्थांनी गळाने काढलेल्या महसीर माशाचे वजन १२० पौंड भरले होते. पुढे हा प्रचंड, पाठीवर उंचवटा असलेला मासा कावेरीच्या खोऱ्यातून नाहीसा झाला असा समज रूढ होत चालला असता, १९७७-७८ च्या सुमारास गळ घेऊन आलेल्या तीन इंग्रजांनी तो खोटा ठरविला. मग बंगळूरच्या दक्षिणेस भीमेश्वरी, गलिबोरे अशा ठिकाणी नदीकाठी तळ उभे राहिले, आणि नाचणीच्या पिठाचा गोळा गळाला लावून तासन्‌तास प्रवाहाकडे पाहत बसणारी देशोदेशीची मंडळी तेथे जमू लागली. तेथला दंडक असा की, मासा तोलावा, त्याची नोंद करावी आणि त्यास जिवंत नदीत सोडून द्यावे. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपैकी कित्येकजण या तळांवर वाटाडे म्हणून चाकरीस राहिले, ही त्या व्यवहारातील एक लक्षणीय गोष्ट होय.

तळावरील नोंदवह्या कोणी शास्त्राच्या हेतूने ठेवल्या नव्हत्या. पाहुण्याने किती तास गळ टाकला व त्यास काय लाभले, एवढाच त्यांचा मामला. परंतु ब्रिटनमधील बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर आणि केरळचे राजीव राघवन प्रभृती संशोधकांनी गलिबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील दप्तर उलगडले, तेव्हा २३,६२० तासांच्या मासेमारीचा आणि ६,१६१ महसीर माशांचा तपशील त्यांच्या हाती आला. एवढ्या दीर्घ काळाचा, एवढ्या सातत्याचा दाखला सरकारी खर्चाने मिळविणे किती दुर्घट झाले असते, याची कल्पना आपल्याकडील नद्यांच्या पाहण्यांची अवस्था जाणणाऱ्यास सहज यावी.

या दप्तरातून २०१५ साली जे निष्पन्न झाले, ते ज्यांनी ते भरले त्यांना सांगणे मात्र सोपे नव्हते. वर्षामागून वर्षे गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती. आणि नदीवर येणाऱ्या माणसास, मासे अधिक लागतात याचा अर्थ नदी सुधारली असाच वाटणार, त्यात त्याचा दोष तो काय? पण त्याच काळात माशांचे सरासरी वजन घटत चालले होते, आणि नोंदी वर्णाप्रमाणे वेगळ्या काढून पाहता असे आढळले की, वाढ झाली ती निळसर परांच्या महसीरची. ज्याच्यासाठी कावेरीची कीर्ती होती तो नारिंगी परांचा, कुबडा महसीर विरळ होत जवळजवळ दिसेनासा झाला होता, आणि त्याची लहान पिल्ले तर फारशी उरलीच नव्हती. एकूण बेरीज पाहणाऱ्यास जी भरभराट दिसली, तिच्या पोटात एका जातीचा ऱ्हास दडून होता.

निळ्या परांचा हा मासा कावेरीत आला कोठून, या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने महसीरची अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचे जे केंद्र चालविले, आणि ज्याच्या यशात मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता, तेथून हजारो पिल्ले निरनिराळ्या राज्यांत गेली. कावेरीतही ती सोडण्यात आली. ज्या जातीची ती पिल्ले, तिचे प्रथम वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ साली प्रसिद्ध केले होते. कृष्णेच्या खोऱ्यात घरचा असलेला तो मासा कावेरीत परका होता. पण त्या काळी महसीर म्हणजे महसीर, असाच सर्वांचा समज होता, आणि नदी पुन्हा भरावी या सद्हेतूनेच गळवाल्यांच्या संस्थांनी त्याचे स्वागत केले. तेव्हा संशोधकाने नदीकाठी जाऊन, तुमच्या पुण्यकर्माने मूळ रहिवाशाची जागा गेली असावी, असे सांगावयाचे, ही खरोखर अवघड कामगिरी. परकी पिल्ले हे एकच कारण नव्हे. धरणे, वाळूचा उपसा आणि चोरटी मासेमारी यांचाही हिस्सा मोठा आहे, आणि तो वगळून बोलणे न्यायाचे होणार नाही.

ऐकणाऱ्यास सुखावणारा निष्कर्ष मात्र झटकन पसरतो. कावेरीतील निळ्या परांच्या महसीरवर झालेल्या एका पाहणीत असे दिसून आले की, सोडून दिलेले मासे बहुतांशी जगतात. गळाशी झुंज जितकी लांबते तितके रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढते, आणि मोठे मासे अधिक गळून जातात. यातला पूर्वार्ध प्रत्येक हौशी मासेमाराच्या तोंडी सापडेल. झुंज लांबवू नये, मोठ्या माशास छायाचित्रासाठी पाण्याबाहेर धरून ठेवू नये, हा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी उद्धृत करीत नाही. माझ्या मते निष्कर्ष पोहोचविणाऱ्याची कसोटी या उत्तरार्धातच लागते. त्यासाठी संख्याशास्त्राची परिभाषा निरुपयोगी. दहा तास बसून दोन मासे आणि पाच तास बसून दोन मासे, यांत नदीविषयी निराळी साक्ष आहे, एवढे ज्यास पटले त्यास पुढचा तक्ता आपोआप उमगतो. शिवाय ज्याची नोंद वापरली, त्यास निकालाची प्रत त्याच्या भाषेत मिळावी, ही साधी देवघेव आहे. कन्नड वा तमिळ बोलणाऱ्या वाटाड्यास इंग्रजी नियतकालिकाचा काय उपयोग?

हे तळ अभयारण्याच्या हद्दीत असल्यामुळे २०१२ च्या सुमारास कायद्याच्या आधारे बंद झाले आणि नोंदवहीही तेथेच मिटली. गळ टाकण्याची ही मनाई योग्य की अयोग्य, याचा वाद अद्याप चालू आहे. दप्तर बंद पडल्याचे नुकसान मात्र दोन्ही पक्षांस मान्य व्हावे. पुढे २०१८ साली पुण्याचे नीलेश डहाणूकर यांच्यासह संशोधकांच्या एका गटाने निश्चित केले की, दीडशे वर्षे जगभर गाजलेला हा कुबडा महसीर म्हणजेच केरळातील पांबार नदीवरून २००७ साली वर्णिलेला टॉर रेमादेवी होय. तोवर शास्त्राच्या दप्तरी त्याची ओळख पटलेली नसल्यामुळे त्यास संकटग्रस्तांच्या यादीत दाखल करणेही शक्य झाले नव्हते. त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. त्याची उरलीसुरली वस्ती मोयार नदीसारख्या मोजक्या ठिकाणी आहे. जेथे आजही परवाना घेऊन गळ टाकता येतो, तेथील वहीत तास व वजन यांच्या जोडीला परांच्या रंगाचा आणि पाठीच्या उंचवट्याचा रकाना आता घालावा लागेल. आणि लोणावळ्यासारख्या केंद्रातून पिल्ले मागविणाऱ्याने आपली नदी कोणत्या खोऱ्यातली, याची खातरजमा आधी करावी लागेल.