बारशी लाईट घरच्या टेबलावर

कुर्डुवाडी, बारशी, पंढरपूर, लातूर, मिरज या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना 'बारशी लाईट' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी आता नाही. या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत तो सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. गाड्या मोठ्या झाल्या, वेग वाढला, मुंबई-पुण्याला थेट जाता येऊ लागले, हे चांगलेच झाले. छोट्या गाडीत तासन् तास अंग चोळून बसलेल्यांना तिचे फार कौतुक असण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या घरातले कोणी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते, कोणी लाईनीवर गँगमन होते, त्यांच्या घामाची ती गाडी होती. आज ती नातवाला दाखवायची म्हटली तर कुठे दाखवणार?

परदेशात मॉडेल रेल्वे हा फार मोठा छंद आहे. जर्मनी, इंग्लंड, अमेरिकेतल्या गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती तिथे कारखान्यात तयार होतात आणि दुकानात विकत मिळतात. बारशी लाईटची गाडी मात्र कोणत्या दुकानात तयार मिळत नाही. ती हवी असेल तर आपल्या हाताने घडवावी लागते. गंमत अशी की, भारतातल्या सगळ्या गाड्यांमध्ये घरी घडवायला सर्वांत सोपी हीच आहे. ते कसे, हे समजायला थोडे गणित करावे लागेल. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला शेजारी बसवून करावे.

जगात सर्वांत जास्त चालणारे मॉडेलचे माप 'एच-ओ' हे आहे. त्यात खरी वस्तू ८७ पट लहान केलेली असते. त्याचे रूळ एकमेकांपासून साडेसोळा मिलिमीटरवर असतात, कारण युरोपातल्या रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, आणि तिला ८७ ने भागले की साडेसोळाच येतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागा, सव्वाएकोणीस येतात. त्या मापाचे तयार रूळ व तयार चाके बाजारात नाहीत. म्हणून आपल्याकडचे हौशी लोक भारतीय इंजिनाचा सांगाडा साडेसोळाच्याच चाकांवर बसवतात. गाडी धावते, छान दिसते, पण समोरून पाहिली तर धिप्पाड पैलवानाने लहान मुलाच्या चपला घातल्यासारखे वाटते.

आता बारशी लाईट घ्या. दोन फूट सहा इंच म्हणजे ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर पावणेनऊच्या जवळ. आणि 'एन' नावाचे दुसरे एक माप जगभर चालते, ज्यात गाड्या १६० पट लहान असतात आणि रूळ बरोबर नऊ मिलिमीटरचे असतात. फरक फक्त पाव मिलिमीटरचा! म्हणजे 'एन' मापाचे रूळ, चाके, मोटार घ्यायची आणि वर 'एच-ओ' मापाची आपली बारशी लाईट बांधायची. ९० मिलिमीटर लांबीची इंजिनाची यंत्रणा 'एन' मापात सुमारे १४ मीटरच्या मोठ्या इंजिनाची असते. तीच आपल्या मापात सुमारे ८ मीटरच्या, म्हणजे छोट्या गाडीला शोभेल अशा इंजिनाची होते.

पण आधी इंजिनाच्या मागे लागू नये. सुरुवात वाघिणीपासून करावी, म्हणजे मालाच्या डब्यापासून. याला कारण आहे. ही रेल्वे उभी करणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे मोठे हिशेबी गृहस्थ. पूर्वी ते जीआयपी रेल्वेत नोकरीला होते. (पुढे विमानातून उडी मारायचे पॅराशूटही त्यांनी तयार केले. डोके कुठे कुठे चालावे!) छोटी रेल्वे स्वस्तात बांधायची तर रूळ हलके हवेत, आणि हलके रूळ टिकायचे तर कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हे त्यांनी ठरवले. मग इंजिन असो, डबा असो की वाघीण, सगळ्यांना तोच नियम. १८९६ साली इंग्लंडात लीड्सजवळ छोटा रूळमार्ग टाकून त्यांनी ही इंजिने-डबे लोकांना चालवून दाखवले आणि १८९७ मध्ये बारशीची गाडी सुरू झाली.

मालाच्या वाघिणींसाठी त्यांनी एकच सांगाडा वापरला : २५ फूट लांब, ७ फूट रुंद. त्याच्यावर उंच कठड्याची, ठेंगण्या कठड्याची, छपराची अशा वेगवेगळ्या पेट्या बसवल्या. आपल्या दृष्टीने ही मोठीच सोय. ८७ ने भागले की सांगाडा साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस मिलिमीटर रुंद येतो. एक नीट जमला की तसेच दहा करता येतात. आणि बघा, रुंदी सात फूट पण रूळ अडीच फुटांचे, म्हणजे गाडी रुळाच्या जवळजवळ तिप्पट रुंद! बारशी लाईटचे सगळे रूप या एका गोष्टीत आहे. मॉडेलमध्ये हे प्रमाण साधले तर ओळखीचा माणूस पाहताक्षणी 'अरे, ही तर आपली गाडी' म्हणेल.

सामान घरातच आहे. परदेशात यासाठी प्लास्टिकचे खास पत्रे मिळतात, पण आपल्याकडे लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा ढीग असतो. चांगल्या पत्रिकेचा जाड कागद तीन-चार थर फेव्हिकॉलने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवला की फळीसारखा ताठ होतो. वरून पातळ व्हार्निश किंवा फ्रेंच पॉलिश दिले म्हणजे कडा पिसत नाहीत. कापायला नवे पाते आणि लोखंडी पट्टी. एका झटक्यात कापायचा प्रयत्न करू नये, हलक्या हाताने चार-पाच वेळा पाते फिरवावे. मुलांच्या हाती पाते देताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे. पत्र्यावरचे रिव्हेट दाखवायचे तर कागदाच्या मागच्या बाजूने बोथट सुईने टिंब टिंब दाबत जायचे. ब्रेकचे पाईप, दांडे, हात धरायच्या मुठी यांना जुन्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार. चाकांच्या बोग्या मात्र 'एन' मापाच्या विकतच आणाव्यात. चाक घरी नीट गोल होत नाही, आणि चाक बिघडले की गाडी सारखी रुळावरून उतरते.

कागदाची गाडी हलकी असते, हा दुसरा त्रास. हलका डबा वळणावर आतल्या बाजूला कलंडतो. चाकांचे बॅलन्सिंग करणाऱ्या टायरवाल्याकडे शिशाचे चिकटपट्टीवाले तुकडे असतात, त्यातला एखादा डब्याच्या तळाशी मध्यभागी लावावा. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. बायाबापड्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये.

वाघिणी धावू लागल्या की इंजिन. पहिले इंजिन डिझेलचे करावे असे माझे स्पष्ट मत आहे. वाफेच्या इंजिनाचे सर्वांनाच वेड असते, पण त्यानेच बहुतेकांचा छंद अर्ध्यावर सुटतो. शेवटच्या वर्षांत या मार्गावर डिझेल इंजिनेच होती. डिझेल म्हणजे मुळात पेटी. 'एन' मापाच्या तयार डिझेल इंजिनाचे वरचे कवच काढायचे, खालची यंत्रणा तशीच ठेवायची आणि आपली पेटी तिच्यावर अलगद बसेल अशी बांधायची. कवच कायमचे चिकटवू नये, तेलपाण्यासाठी ते काढावे लागते. ही यंत्रणा स्वस्त नसते, हजारांच्या घरात जाते. वर्गणी काढून चार घरांनी मिळून एक आणली तर बरे. तिच्यावर दोन-तीन वेगवेगळी कवचे बदलून बसवता येतात.

आत काय असते तेही पाहून घ्यावे. रुळांतून १२ व्होल्टपर्यंतची डीसी वीज येते. एका रुळावर धन, दुसऱ्यावर ऋण. चाकांना घासणाऱ्या पातळ पट्ट्या ती उचलून मोटारीला देतात. मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखा वर्म असतो, तो दात्यांचे चाक हळू पण जोरात फिरवतो. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारा उलट केल्या की गाडी मागे येते. चाचणीला नऊ व्होल्टची बॅटरी पुरते. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर मात्र स्वतः काही जोडाजोड करू नये, चांगल्या कंपनीचा तयार कंट्रोलरच घ्यावा. गाडी झटके देत चालली तर शंभरातल्या नव्वद वेळा मोटारीचा दोष नसतो, रूळ व चाके काळी पडलेली असतात. पुसून पाहावे.

मग वाफेचे इंजिन. बारशीची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली, ०-८-४ पद्धतीची. म्हणजे पुढे लहान चाके नाहीत, मधली आठ चाके दांड्यांनी जोडलेली व जोर लावणारी, आणि मागे चार लहान चाके भार उचलायला. इतक्या चाकांवर वजन वाटले म्हणूनच पाच टनांचा नियम पाळता आला. मॉडेल करताना खरी परीक्षा आहे ती त्या जोडदांड्यांची. डाव्या बाजूची क्रँक वर असेल तेव्हा उजवीकडची बरोबर काटकोनात असली पाहिजे. खऱ्या इंजिनातही तसेच असते. एका बाजूचा दट्ट्या टोकाला अडकला तरी दुसऱ्या बाजूचा ओढतो आणि इंजिन कुठूनही सुटू शकते. चारांपैकी एका आसावरचा कोन केसभर चुकला तरी मॉडेल लंगडते आणि मग अडते. उपाय एकच : दांडे लावण्याआधी चाके मोकळी फिरवून पाहायची. मग एका वेळी एकच जोड लावायचा, फिरवायचे, पुढचा लावायचा. कुठे अडले ते लगेच कळते. घरात कोणी जुने फिटर असतील तर त्यांना हाक मारावी. मॉडेल त्यांनी कधी पाहिले नसेल, पण डोळ्यांनी ते कोन सांगतील. वरचे बॉयलर, धुराडे, केबिन ही शोभेची कामे. रिकाम्या रिफिली, पेनची टोपणे, औषधाच्या नळ्या यांतून माप जुळणारे काही ना काही सापडतेच.

माप कुठून घ्यायचे? नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय २००२ साली झाले. तिथली इंजिने-डबे सातपुड्याकडच्या मार्गांचे आहेत, बारशीचे नव्हेत, पण रूळ त्याच अडीच फुटांचे. चाके, बोग्या, कपलिंग जवळून कसे दिसतात ते तिथे कळते. फोटो काढताना शेजारी एक मीटरची पट्टी उभी धरावी, घरी आल्यावर फोटोवरूनच बाकीची मापे काढता येतात. आणि धावणारे मॉडेल कसे असते ते पाहायचे तर पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी अनेक वर्षे खपून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. मुलांना एकदा दाखवावेच.

पण फोटोत आणि आराखड्यात जे नसते त्याचे काय? तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बाके लांबीने होती की रुंदीने? खिडकीला गज होते का? दाराची कडी कोणत्या बाजूला? डब्याचा रंग कोणत्या सालापर्यंत कोणता? हे पुस्तकांत क्वचितच सापडते, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांना इंजिनाचे प्रेम, डब्यात कोंबलेल्या माणसांचे नव्हे. त्या डब्यांतून गेलेली, ते डबे रंगवलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मामांकडे, आत्याकडे गेलात की वही घेऊन बसा. दोघांचे सांगणे वेगळे निघाले तर दोन्ही लिहून ठेवा, तिसऱ्याला विचारा. मुलांनी केलेले अर्धवट मॉडेल सोबत न्यावे. नुसते विचारले तर म्हातारी माणसे 'आता काय आठवतंय' म्हणतात. चुकीचे मॉडेल हातात दिले की लगेच 'हे असं नव्हतं' म्हणून सुरू होतात!

राहिली माणसे. साडेपाच फुटांचा माणूस या मापात एकोणीस-वीस मिलिमीटरचा होतो. विकत मिळणारी माणसे युरोपातली असतात, कोट-हॅट घातलेली. त्यांची हॅट कानशीने घासून टोपी करता येते. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून कमरेभोवती गुंडाळला की धोतर होते, डोक्यावरून घेतला की नऊवारीचा पदर. हे काम घरातल्या मुली आणि त्यांच्या आया फार चांगले करतात. एका माणसाच्या खांद्यावर टाचणीच्या दांड्याचा हातोडा द्यावा आणि त्याला फलाटावर न ठेवता लाईनीच्या कडेला उभा करावा, गाडी गेल्याशिवाय त्याला रूळ ओलांडता येत नाही.